पोलीस मागून "धरा रे त्याला" ओरडत असले तर आपण मधे पडायचं का?

तापीकाठचा
मंडळी, एक विचारायचंय. आमच्या तालुक्याच्या गावी बाजाराच्या दिवशी दोन पोलीस एका पोराला गाडीत बसवत होते, तो हिसडा मारून पळाला तो थेट भाजीबाजारात घुसला. मागून हवालदार ओरडतोय "धरा रे, धरा त्याला" आणि आम्ही सगळे आपापल्या पिशव्या सांभाळत बाजूला सरकून राहिलो, दोघातिघांनी तर मोबाईल काढले. एक केळीवाले काका होते, साठीच्या पुढचे, त्यांनी सरळ लोटगाडी आडवी घातली. पोरगा तिच्यावर आदळला, गाडी उलटली, केळी सगळी चिखलात. पोलीस त्याला उचलून घेऊन गेले, काकांना म्हणे उद्या जबाबाला या, बस.
आता घरात दोन पार्ट्या पडल्यात. साडू म्हणतो काकाच खरे मर्द. आमचे आबा म्हणतात फुकटचं शहाणपण, आता कोर्टाच्या तारखा मोजत बसेल आणि तो पोरगा जामिनावर सुटला की आधी याच्याच गाडीवर येईल. मला दोघांचंही पटतं हीच पंचाईत आहे. कायदा काय म्हणतो? आणि कायदा सोडा, तुम्ही तिथं असता तर काय केलं असतं?

तिखट_शेवभाजी
यात विचारायचं काय भो? एका ठाण्याला गावं किती आणि माणसं किती ते बघा एकदा. उद्या तुमच्या आईची पोत ओढून कुणी पळाला तर लोकांनी शूटिंग करत बसायचं का? नुसता पाय आडवा घातला तरी काम होतं. सगळे बाजूला सरकतात म्हणून तर यांची हिंमत वाढते.

काळा_कोट_धुळे
कायद्याचं सांगतो, जरा लांबेल. 1 जुलै 2024 पासून सीआरपीसी म्हणजे जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेच्या जागी भारतीय नागरिक सुरक्षा संहिता आली. तिच्या कलम 31 नुसार, ज्याला अटक करायचा पोलिसाला अधिकार आहे त्याला पकडायला किंवा पळू न द्यायला पोलिसाने वाजवी मदत मागितली तर ती देणं प्रत्येकावर बंधनकारक आहे. जुन्या कायद्यातही हे होतंच, कलम 37. आणि मुद्दाम टाळली तर भारतीय न्याय संहितेचं कलम 222, त्यात 6 महिन्यांपर्यंत साधी कैद किंवा 5000 रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही. घाबरू नका, बाजारात बाजूला सरकला म्हणून कुणावर केस झालेली माझ्या तरी पाहण्यात नाही. सगळा खेळ "वाजवी" वर आहे, साठीच्या माणसाने चाकूवाल्याला मिठी मारावी असं कायदा म्हणत नाही.
आता पोलीस नसताना तुम्ही स्वतःहून कुणाला धरणार असाल तर ती गोष्ट वेगळी, ते सुरक्षा संहितेचं कलम 40. गुन्हा तुमच्या डोळ्यांदेखत झालेला पाहिजे, तो दखलपात्र (पोलीस वॉरंटशिवाय अटक करू शकतात असा) आणि अजामीनपात्र (जामीन हक्काने मिळत नाही असा) दोन्ही पाहिजे, किंवा तो माणूस कोर्टाने फरारी जाहीर केलेला पाहिजे. आणि धरल्यावर 6 तासांच्या आत पोलिसांच्या ताब्यात द्यायचा. खांबाला बांधून ठेवायचा, दोन कानाखाली द्यायच्या, व्हिडिओ काढून ग्रुपवर टाकायचा, याला कुठलंच कलम तुमच्या बाजूने उभं राहत नाही. उलट तुमच्यावरच गुन्हा.
केळीवाल्या काकांना एवढंच सांगा की जबाब देताना मालाचं नुकसान त्यात लिहून घ्यायला लावा आणि सही करायच्या आधी जबाब वाचून घ्या. साक्षीला बोलावलं तर येण्याजाण्याचा भत्ता कोर्टात मागता येतो, लोक मागतच नाहीत.

माजी_खाकी
मी नोकरी करून रिटायर झालेला माणूस आहे, म्हणून अनुभवाचं सांगतो. आम्ही "धरा धरा" ओरडतो ते खरं, पण पब्लिकने अंगावर उडी मारावी असं आम्हाला मनातून वाटत नसतं. पळणाऱ्याच्या कमरेला काय आहे ते आम्हालाच माहीत नसतं तर तुम्हाला कुठून असणार. सातपुड्याच्या सीमेकडून गावठी कट्टे येतात, पेपरात वाचताच की. आम्हाला खरी मदत कोणती होते सांगू? रस्ता बंद झाला की. दुकानवाल्याने शटर ओढलं, गल्लीच्या तोंडाशी कुणी रिक्षा आडवी लावली, की तो दुसरीकडे वळतो आणि तिथं आमचा माणूस असतो. काकांनी केलं ते अगदी बरोबर, हात न लावता वाट अडवली. पण तोच जर मोटारसायकलवर असता तर गाडी आडवी घालू नका, तो मरेल नाहीतर मागे बसलेलं कुणी मरेल. मोटारसायकल असली तर नंबर बघा, नंबर नाही दिसला तर शर्टाचा रंग आणि कुठल्या रस्त्याला लागला तेवढं बघा आणि 112 लावा. फोनवर "चोर पळाला चोर पळाला" करू नका, आधी जागा सांगा, चौकाचं नाव सांगा.
आणि पकडल्यावर मागे सरका हो. अर्धी ताकद आमची आरोपीला पब्लिकपासून वाचवण्यात जाते.

साक्रीकर
शेवभाजीवाल्या भाऊंना एक सांगावंसं वाटतं. आम्ही साक्री तालुक्यातले. राईनपाडा आठवतंय ना? 1 जुलै 2018, रविवार, बाजाराचा दिवस. मंगळवेढ्याकडचे नाथपंथी डवरी गोसावी समाजाचे पाच जण, भिक्षा मागून पोट भरणारे. व्हॉट्सअ‍ॅपवर मुलं पळवणारी टोळी फिरतेय अशी अफवा, कुणीतरी संशय घेतला आणि पुढे पाचही जणांना ग्रामपंचायतीच्या खोलीत ठेचून मारलं. त्या गर्दीतल्या प्रत्येकाला त्या वेळी आपण गावाची मदतच करतोय असं वाटत होतं. तेव्हापासून "धरा" शब्द ऐकला की माझ्या अंगावर काटा येतो.

तिखट_शेवभाजी
दादा, ते वाईटच झालं, कोण नाही म्हणतंय. पण तिथं पोलीस कुठं धरा म्हणत होता? अफवा होती. इथं खाकीतला माणूस ओरडतोय. दोन्ही एकाच पारड्यात नका घालू.

साक्रीकर
गर्दीला कुठं कळतं भाऊ कोण ओरडलं ते? पहिल्या दहा जणांनी हवालदार बघितलेला असतो, मागून येणाऱ्यांनी फक्त "धरा" ऐकलेलं असतं. मागून येणाराच पहिला हात उचलतो. त्याला तर माहीतही नसतं की पोरगा मोबाईलचोर आहे का नुसता चौकशीला बोलावलेला. पळतोय म्हणजे गुन्हेगार, झाला निकाल. वाट अडवा म्हणता ना माजी साहेब, ते मान्य. त्याच्या पुढचं नाही.

चोपड्याची_ताई
माझी शंका वेगळीच आहे. स्थानिक गुन्हे शाखेवाले तर साध्या कपड्यात येतात, जीन्स टीशर्ट. आमच्या दुकानासमोर मागे चार जण एकाच्या मागे पळत आले, आम्हाला वाटलं हेच गुंड आणि शेजारच्यांनी त्यालाच घरात लपवलं! अशा वेळी कसं ओळखायचं? 🙄

काळा_कोट_धुळे
सुरक्षा संहितेच्या कलम 36 प्रमाणे अटक करणाऱ्या पोलिसाच्या अंगावर त्याच्या नावाची स्पष्ट, दिसेल अशी ओळख पाहिजे. पळापळीत कोण दाखवतो ते जाऊ द्या, पण धरून उभे राहिले की ओळखपत्र मागायला काहीच हरकत नाही.

माजी_खाकी
मागा बिनधास्त. खरा पोलीस असेल तर चिडेल पण दाखवेल. कुठलं ठाणं, साहेब कोण, हे विचारा, आणि तरी शंका असली तर त्याच्यासमोरच 112 लावा. खोटा असेल तर तो फोन लागायच्या आत निघून जाईल. आणि ताई, लपवलेल्या पोराचं पुढे काय झालं?

चोपड्याची_ताई
मागच्या दाराने गेला, जाताना शेजारच्यांची सायकल पण घेऊन गेला 😄