मदत हवी: डाळिंब दुपारी मान टाकतंय, पाणी भरपूर आहे

रानवाट (मोहोळ): भगवा वाण आहे. ठिबक रोज चालू, तरी बारा वाजले की पानं मलूल. पाणी वाढवलं, फरक नाही. ठिबकमधून काय सोडू? लवकर सांगा, फळं लिंबाएवढी झालीत.

मुळाशी: झाडाचं वय? जमीन काळी की मुरमाड? ड्रीपर किती लिटरचे, किती तास? आणि संध्याकाळी पानं परत ताठ होतात का?

सांगोलेकर: सरळ आहे, पाणी कमी पडतंय. या उन्हात झाडाला ४० लिटर द्या.

रानवाट: चार वर्षांची बाग, भारी काळी जमीन. चार लिटरचे दोन ड्रीपर, पाच तास. संध्याकाळी बरीचशी उठतात.

मुळाशी: सांगोलेकर, ४० लिटर जातंच आहे की! पान ताठ राहतं पेशीतल्या पाण्याच्या दाबावर. पर्णरंध्रांतून उडतं तेवढं मुळांनी ओढलं नाही की दाब उतरतो. भारी जमिनीत रोज पाणी दिलं की मातीतली हवा निघून जाते. प्राणवायू नसला की मुळांच्या पेशींतले पाणी आत घेणारे मार्ग, म्हणजे अ‍ॅक्वापोरिन, बंद होतात. चिखलात उभं झाड तहानलेलं राहतं. ड्रीपरपासून वीतभर लांब, फूटभर खणा. मूठभर माती दाबा. बोटांना चिखल लागला, कुबट वास आला तर पाणी थांबवा. गोळा होऊन हलक्या दाबाने फुटला तर वाफसा आहे, म्हणजे मातीत ओल आणि हवा दोन्ही बेताची.

पंढरीकर: फळ तडकू नये म्हणून बोरिक अ‍ॅसिड फवारा, लिटरला २ ग्रॅम.

भीमाकाठ: तडकण्याचं कुणी विचारलंय? पण मुळाशी, पाणी थांबवा म्हणताय ते जपून. ताण बसून साल टणक झाली आणि मग एकदम पाणी सोडलं की दाणे फुगतात, साल ताणत नाही, फळ उकलतं. वाफसा येताच थोडंथोडं सुरू करा. विहिरीच्या पाण्याची ईसी, म्हणजे क्षार किती ते सांगणारी विद्युतवाहकता, तीही तपासा. क्षार जास्त असले तर ओल्या मातीतूनही मुळांना पाणी ओढता येत नाही.

रानवाट: खणलं, चिखलच आहे. पण एका झाडाची एकच फांदी पिवळी पडलीय, ती रात्रीही उठत नाही. तिलाही हेच?

मुळाशी: नाही! हे आधी हवं होतं. फांदी बुडाशी आडवी कापा. लाकडात करडे-तपकिरी डाग दिसले तर मर रोगाचा संशय धरा. तो बुरशीचा रोग, त्यात पाणी वाहणाऱ्या नळ्याच बंद पडतात. मुळांवर गाठी म्हणजे सूत्रकृमी (मुळांत शिरणारे सूक्ष्म जंत), खोडावर टाचणीएवढी छिद्रं म्हणजे खोडकिडा. त्या झाडाचं ठिबक आजच बंद करा, कात्री हायपोक्लोराइटच्या जंतुनाशक पाण्यात बुडवल्याशिवाय दुसऱ्या झाडाला लावू नका. मुळं आणि खोडाचा तुकडा सोलापूरजवळ केगावच्या डाळिंब संशोधन केंद्रात दाखवा. निदान होईपर्यंत ठिबकमधून काहीही सोडू नका.