मदत हवी आहे : राज्याच्या वाहतूक उत्सर्जनातील बदलाचे घटक वेगळे कसे करावेत?

महाराष्ट्रातील रस्ते वाहतुकीचा ऊर्जावापर आणि कार्बन उत्सर्जन 2011-12 पासून कोणत्या कारणांनी बदलले, हे मी घटक-विभाजनाच्या (एकूण बदलात प्रत्येक कारणाचा वाटा वेगळा काढण्याच्या) लॉगरिदमिक मीन डिव्हिजिया पद्धतीने तपासत आहे. पेट्रोल, डिझेल आणि सीएनजीच्या राज्यनिहाय विक्रीला आयपीसीसीचे (संयुक्त राष्ट्रांच्या हवामानबदलविषयक आंतरसरकारी समितीचे) 2006 चे गुणांक (प्रति टेराज्यूल ऊर्जेमागे अनुक्रमे 69.3, 74.1 आणि 56.1 टन कार्बन डायऑक्साइड) लावून उत्सर्जन काढले आणि लोकसंख्या, दरडोई स्थूल राज्य उत्पन्न, ऊर्जा-तीव्रता (उत्पन्नाच्या प्रत्येक रुपयामागे वाहतुकीला लागणारी ऊर्जा) आणि इंधन-मिश्रण हे चार घटक धरले. 2020-21 हे टाळेबंदीचे वर्ष वेगळे ठेवले आहे.

खरी अडचण ऊर्जा-तीव्रतेची आहे. बसचा प्रवासी दुचाकीकडे वळणे, मालट्रक रिकामा परतणे आणि इंजिनाची कार्यक्षमता सुधारणे या अगदी भिन्न गोष्टी त्या एकाच आकड्यात मिसळतात, आणि धोरणासाठी नेमका हाच फरक महत्त्वाचा असतो. प्रवासी-किलोमीटर व टन-किलोमीटर (प्रवासी किंवा मालाचे वजन गुणिले कापलेले अंतर) यांची राज्यपातळीवरील सलग मालिका मला मिळालेली नाही. वाहन नोंदणीचे एकत्रित आकडे वापरून पाहिले, पण त्यांत भंगारात गेलेली वाहनेही राहतात. शिवाय विकलेल्या डिझेलपैकी काही भाग ट्रॅक्टर आणि जनित्रांत जातो. नवे सर्वेक्षण करणे मला शक्य नाही; केवळ प्रकाशित आकडेवारीवरच काम करायचे आहे.

अशा स्थितीत वाहनांचे आयुर्मान गृहीत धरून प्रत्यक्ष धावणारी वाहने व त्यांचे वार्षिक अंतर अंदाजणे, आणि ते इंधनविक्रीशी जुळवून घेणे, ग्राह्य ठरेल का? ठरत असल्यास मालट्रकसाठी आयुर्मान व वार्षिक अंतर कोणत्या आधारावर ठरवावे?