‘ओल्ड मॅन’ला मराठीत काय म्हणावं?

कोरा कागद
आमच्या सोसायटीत ज्येष्ठ मंडळींसाठी महिन्यातून एकदा जुना इंग्रजी चित्रपट लावतात. त्याला मराठी उपशीर्षकं करून देण्याचं फुकट काम माझ्या गळ्यात पडलंय. या वेळी ‘फ्रॉम रशिया विथ लव्ह’ (१९६३). सगळं झालं, एका शब्दावर गाडी अडली आहे.

ओरिएंट एक्स्प्रेसमधला प्रसंग. रेड ग्रँट हा मारेकरी कॅप्टन नॅश नावाचा ब्रिटिश माणूस बनून बाँडला भेटतो आणि दर दोन वाक्यांमागे त्याला ‘ओल्ड मॅन’ म्हणतो. जेवणाच्या डब्यात मासा मागवतो आणि त्यावर लाल कियांती वाइन, जिथे साहेबी रिवाज पांढरीचा. पुढे त्याने पिस्तूल रोखल्यावर बाँड म्हणतो, माशाबरोबर लाल वाइन, तेव्हाच मला कळायला हवं होतं. ग्रँटचं उत्तर असं की वाइनमधलं तुला कळत असेल, पण गुडघ्यांवर तू बसला आहेस, आता कसं वाटतंय, ओल्ड मॅन? शेवटी ग्रँट मेल्यावर त्याच्याजवळचं काढून घेताना बाँड तोच शब्द त्याला परत करतो.

म्हणजे एकच शब्द तीन ठिकाणी चालायला हवा. आधी सलगी, मग खिजवणं, मग परतफेड. मी ‘मित्रा’ घातलं होतं. आतेभाऊ म्हणाला, हे गॅदरिंगच्या भाषणासारखं वाटतंय. ‘म्हातारबा’ अर्थातच नको. आणि शब्द जरा उच्चभ्रू हवा. सुचवा.

शिळा पाव
‘राव’. “आता कसं वाटतंय, राव?” झालं की काम. पुढचा प्रश्न घ्या.

मांडवीकाठ
आमच्याकडे ‘पात्रांव’ आहे. पोर्तुगीज ‘पात्राँव’, म्हणजे मालक. पण आज पणजीत रिक्षावालाही गिऱ्हाइकाला पात्रांव म्हणतो आणि दारूच्या गुत्त्यावर दोस्त दोस्ताला म्हणतो. सलगी आहे, टोमणाही मारता येतो. ग्रँटच्या तोंडी अगदी बसेल.

चिंचगूळ
बसेल, पण मग तो म्हापशाच्या बसमधून उतरल्यासारखा वाटेल.

बाकी, कोरा कागद, तुम्ही ‘उच्चभ्रू’ हा शब्द चुकीचा वापरताय. उच्च अधिक भ्रू, म्हणजे इंग्रजी ‘हायब्राउ’चं शब्दशः भाषांतर. अर्थ बुद्धीशी निगडित आहे. शास्त्रीय संगीत ऐकणारा, समीक्षा वाचणारा, इतरांच्या आवडीकडे भुवया उंचावून पाहणारा. घराण्याशी, पैशाशी त्याचा संबंध नाही. बाँड उच्चभ्रू मुळीच नाही, तो हाताशी पुस्तक धरताना दिसतो का कधी? त्याला ‘खानदानी’ म्हणा, ‘घरंदाज’ म्हणा.

शिळा पाव
अहो, रोजच्या पेपरात ‘उच्चभ्रू वस्तीत घरफोडी’ अशी बातमी असते. तिथे चोर काय समीक्षेचे ग्रंथ घेऊन पळतात?

चिंचगूळ
पेपरवाल्यांनी वापरला म्हणून शब्दाचा अर्थ बदलत नाही.

विदर्भातली
बदलतो की. शब्दांचे अर्थ आणखी कशाने बदलतात मग? लोकांनी वापरूनच ना? आणि उच्चभ्रूचं ‘हुच्चभ्रू’ करून लोकांनी त्याची जी जिरवली आहे, त्यावरूनच कळतं की हा शब्द आता श्रीमंती तोऱ्यासाठी चालतो.

‘घरंदाज’ मात्र नको. घरंदाज म्हटलं की मला डोक्यावर पदर घेतलेली सोज्वळ सून दिसते. बाँड आणि घरंदाज! ‘खानदानी’ म्हटलं तर लग्नाच्या जाहिराती आठवतात.

तिसरी घंटा
जरा मूळ प्रश्नाकडे येऊ. तुम्ही सगळे असा शब्द शोधताय जो वरच्या थरातल्या माणसाच्या तोंडी शोभेल. माझ्या मते इथे न शोभणारा शब्द हवा.

ग्रँट खरा साहेब नाही. चित्रपटात तो तुरुंगातून पळालेला खुनी आहे. साहेब कसे बोलतात ते तो घोकून आला आहे, म्हणून ‘ओल्ड मॅन’ गरजेपेक्षा जास्त वेळा येतं. फ्लेमिंगच्या मूळ कादंबरीत (१९५७) हे आणखी उघड आहे. तिथे बाँडला या नॅशच्या टायची विंडसर गाठसुद्धा खटकते, अशी गाठ मारणाऱ्यावर त्याचा विश्वास नसतो. थोडक्यात, कपडे साहेबाचे, भाषा साहेबाची, पण मात्रा चुकलेली. मासा आणि लाल वाइन ही त्याच चुकीची शेवटची पायरी. म्हणून मराठीतही शब्द किंचित जास्त शिजलेला पाहिजे. ‘मित्रवर्य’ घ्या. कोणताही खरा सभ्य माणूस डब्यातल्या सहप्रवाशाला मित्रवर्य म्हणणार नाही. आणि शेवटी बाँडने प्रेताला “याची तुम्हाला आता गरज नाही, मित्रवर्य” म्हटलं की ज्येष्ठ मंडळी टाळी देतील.

यातली गंमत अशी की ज्याला आपण अस्सल साहेब समजतो तो बाँड झालेला शॉन कॉनरीसुद्धा घडवलेला साहेब होता. एडिंबरोच्या फाउंटनब्रिज भागातल्या कामगार घरातला मुलगा, पोरवयात दूध टाकायचा. पहिल्या चित्रपटाचा दिग्दर्शक टेरेन्स यंग याने त्याला स्वतःच्या शिंप्याकडे नेलं, चालणं-बसणं शिकवलं. बाँड ज्या फेट्स शाळेत शिकला असं फ्लेमिंगने लिहिलंय, ती एडिंबरोतलीच, कॉनरीच्या दुधाच्या फेरीवरची. म्हणजे त्या डब्यात समोरासमोर दोन नकली साहेब बसलेत, आणि मासा कशाबरोबर खायचा यावरून एक दुसऱ्याला पकडतो.

काजवा
वा! याला म्हणतात प्रतिसाद.

पण ‘मित्रवर्य’ लांबलचक आहे हो. उपशीर्षक दोन सेकंद दिसतं. आमच्या कोल्हापुरात ‘भावा’ पुरतं.

चिंचगूळ
‘भावा’ म्हणजे कामगार वस्तीतला हॅरी पामर झाला. नेमका उलटा टोक.

काजवा
‘उलटं टोक’. शुद्धलेखन, भावा.

तिसरी घंटा
पामरचं नाव काढलंत ते बरं केलंत. ‘द इप्क्रेस फाइल’ (१९६५) हा बाँडच्याच निर्मात्याने, हॅरी साल्ट्झमनने काढलेला. जणू स्वतःच्याच दुकानासमोर टपरी टाकली. पामर झालेला मायकेल केन चष्मा लावून, आपल्या अस्सल कॉकनीत, म्हणजे लंडनच्या कामगार वस्तीतल्या बोलीत बोलतो. केनचा बाप लंडनच्या बिलिंग्जगेट मासळी बाजारात हमाल, आई धुणीभांडी करणारी. पामर हा सैन्यातला सार्जंट, बर्लिनमध्ये काळाबाजार करताना सापडलेला, म्हणून त्याला दबावाखाली हेरगिरीत आणलंय. वरिष्ठ सगळे छत्रीवाले, क्लबवाले.

त्यात सुपरमार्केटमधला एक प्रसंग आहे. पामर डबाबंद फ्रेंच मशरूम घेतो. त्याचा जुना वरिष्ठ कर्नल रॉस ढकलगाडी लोटत शेजारी येतो आणि सुनावतो की फ्रेंच लेबलसाठी जास्त पैसे मोजतोयस. पामर म्हणतो, नाही, यांची चव खरंच चांगली आहे. रॉसच्या चेहऱ्यावर जे काही येतं ते पाहा. याला चव कळते याचाच त्याला राग आलाय! बाँडला वाइन कळते ते जन्मसिद्ध, पामरला मशरूम कळतात ते आगाऊपण.

विदर्भातली
मग आता खरा प्रश्न. कॉकनी मराठीत कशी आणायची? कारण आपल्याकडे ठरलेली खोड आहे. इंग्रजीत कुणी ‘अशुद्ध’ बोललं की मराठी अनुवादात तो थेट “म्या काय म्हनतो” करायला लागतो. लंडनच्या मधोमध वाढलेला माणूस आमच्या यवतमाळच्या शेतकऱ्यासारखा का बोलावा? कॉकनी ही शहराची भाषा आहे, खेड्याची नाही.

शिळा पाव
मग गिरणगावची मराठी घ्या. लालबाग-परळ. “काय रे, काय बोलतोस काय?”

तिसरी घंटा
पु. लं.नी हा डोंगर १९७५ मध्येच पार केलाय. शॉच्या ‘पिग्मॅलियन’वरून ‘ती फुलराणी’. भक्ती बर्व्यांची मंजुळा ऐकताना कुणालाही लंडन आठवत नाही, आणि तेच बरोबर. त्यांनी कॉकनीचं भाषांतर केलंच नाही. बोलण्यावरून माणसाची पायरी ठरवणारा समाज इथेही होताच, तो उचलला.

‘किंग्जमन’ (२०१५ साली झळकला) तर याच गोष्टीवर उभा आहे. सॅव्हिल रोच्या शिंप्याच्या दुकानाआड हेरसंस्था, आणि वस्तीतल्या एग्झीला साहेब बनवायचं. त्याला समजवताना दोन-तीन चित्रपटांची नावं घेतली जातात आणि पोरगा म्हणतो, म्हणजे ‘माय फेअर लेडी’सारखं! तेही ‘पिग्मॅलियन’चंच लेकरू.

कोरा कागद
हे सगळं छान आहे, पण शनिवारी चित्रपट आहे. ‘मित्रवर्य’ की ‘राव’?

विदर्भातली
थांबा हो जरा. तिसरी घंटा, पु. लं.बद्दल आदर ठेवूनही सांगते, मंजुळा आणि ‘पिग्मॅलियन’मधली एलायझा एक नाहीत. इंग्लंडात तोंड उघडलं की वर्ग कळतो. आपल्याकडे तोंड उघडलं की आधी गाव कळतं आणि मग, कुणी कबूल करो न करो, जातीचा अंदाज बांधला जातो. ‘पानी’ म्हणणाऱ्या मुलीकडे वर्गात कसे पाहतात ते मी पुण्यात हॉस्टेलवर असताना अनुभवलंय. तिथे कुणी माझ्या बापाचा पगार विचारत नव्हतं. म्हणून ‘उच्चभ्रू’, ‘खानदानी’, ‘घरंदाज’, ‘कुलीन’ यातला कोणताच शब्द इंग्रजी ‘क्लास’वर बेतता येत नाही. प्रत्येकात कुळ डोकावतं.

चिंचगूळ
प्रत्येक चर्चेत जात आणलीच पाहिजे का? आणि प्रमाण भाषेचा आग्रह म्हणजे भेदभाव नव्हे. ‘पाणी’ला ‘पाणी’च म्हणतात.

विदर्भातली
‘कुलीन’मध्ये कुळ मी आणलं नाही, ते आधीपासून आहे.

काजवा
‘पॉश’ म्हणा ना सरळ! मराठीच झालाय तो शब्द. “काय पॉश फ्लॅट आहे” असं माझी आजी म्हणायची, तिला इंग्रजी एबीसी येत नव्हती. आणि तो तर आपल्या मुंबईमुळे जन्मलेला शब्द. पी अँड ओ कंपनीच्या बोटीतून मुंबईला येताना डावीकडची केबिन, परत जाताना उजवीकडची, म्हणजे ऊन लागत नाही. श्रीमंतांच्या तिकिटावर ‘पोर्ट आउट, स्टारबोर्ड होम’ या चार शब्दांची आद्याक्षरं छापायचे, त्याचं झालं पॉश.

तिसरी घंटा
ही दंतकथा आहे. असं एकही तिकीट आजवर कुणाला सापडलेलं नाही. त्याआधी चोरांच्या बोलीत ‘पॉश’ म्हणजे पैसा, बहुधा जिप्सींच्या रोमानी भाषेतल्या ‘अर्धा’ या अर्थाच्या शब्दावरून.

काजवा
तिकीट सापडलं नाही म्हणजे छापलं नव्हतं असं थोडंच आहे. मी माझी व्युत्पत्ती सोडणार नाही.

शिळा पाव
पॉशला माझा पाठिंबा. परका शब्द आला की नाकं मुरडणाऱ्यांनी आधी ‘साहेब’ परत करावा, तोही अरबीतून आलाय.

मांडवीकाठ
‘साहेब’ संबोधनच का नको? “आता कसं वाटतंय, साहेब?” सलगी नाही, पण टोमणा भरपूर.

बाकी, हे चित्रपट पाहताना आपण कायम साहेबाच्या खुर्चीत बसतो हे लक्षात येतं का कुणाच्या? ‘ऑक्टोपसी’त (१९८३) उदयपूरला बाँड झालेला रॉजर मूर जुगारात जिंकलेल्या नोटा आपल्या हिंदी साथीदाराला देतो आणि म्हणतो, काही आठवडे तुमच्या करीची सोय झाली. साथीदार त्याच हेरखात्याचा माणूस आहे! मूर स्वतः दक्षिण लंडनमधल्या पोलिसाचा मुलगा. पण उदयपूरला पोचला की पोलिसाचा मुलगाही लाटसाहेब. तिथे वर्ग गळून पडतो, उरतो फक्त गोरा. त्या वाक्याचं उपशीर्षक करताना मी तर ‘करी’च ठेवीन. ‘भाजी-भाकरी’ केलं की अपमान धुऊन निघतो.

कोरा कागद
याची नोंद घेतली. तो चित्रपट पुढे कधीतरी लागेलच.

तिसरी घंटा
केनचं राहिलं. ‘झुलू’मध्ये (१९६४) त्याला खानदानी अधिकाऱ्याची भूमिका मिळाली. तो स्वतःच सांगायचा की दिग्दर्शक अमेरिकन होता म्हणून मिळाली, इंग्रज असता तर कॉकनी माणसाला कुणी तसं उभं केलं नसतं. पुढच्याच वर्षी पामर. आणि पन्नास वर्षांनी ‘किंग्जमन’मध्ये तो संस्थेचा सर्वोच्च साहेब आर्थर. मरताना त्याच्या तोंडून शिवी निघते ती थेट कॉकनीत. आयुष्यभर चढवलेला मुलामा शेवटच्या श्वासाला उतरतो. याचं उपशीर्षक कुणी करून दाखवावं! अक्षरं तीच राहणार, बदललाय तो फक्त आवाज.

शिळा पाव
अहो, मी पाहिला नव्हता हो तो. शेवट सांगून टाकलात.

चिंचगूळ
तिथेच प्रमाण मराठीतून ‘आयला’वर उतरता येतं. बघा, भेद दाखवायला आधी प्रमाण भाषा लागते. माझा मुद्दा सिद्ध.

विदर्भातली
तुमचा मुद्दा सिद्ध करायला आर्थरला मरावं लागलं.

काजवा
मला वेगळंच विचारायचंय. पामरच्या त्या फ्रेंच मशरूमला उपशीर्षकात काय लिहिणार? आमच्याकडे सगळ्यालाच ‘कुत्र्याची छत्री’ म्हणतात. “या कुत्र्याच्या छत्र्यांना चव चांगली आहे, सर” असं म्हणणारा पामर मला पाहायचाय.

चिंचगूळ
‘अळंबी’ हा शुद्ध शब्द उपलब्ध आहे.

मांडवीकाठ
अळंबी नव्हे, अळमी. पावसाळ्यात वारुळांवर येतात. पानात बांधून नगावर विकतात आणि भाव ऐकून घाम फुटतो. डबाबंद बटण मशरूमला अळमी म्हणाल तर आमची आई घरात घेणार नाही. हे पामरला पटलं असतं.

विदर्भातली
आमच्याकडे सात्या. रानातल्या. बाजारात आल्या की अर्ध्या तासात संपतात.

शिळा पाव
सात्या म्हणजेच टेकोडे ना?

विदर्भातली
नाही. कोण म्हणतं असं? सात्या बारीक असतात आणि झुबक्याने येतात. टेकोड्यांचं वेगळं आहे, गडचिरोलीकडच्या कुणाला तरी विचारा. आणि ‘म्हणजेच’ म्हणण्याआधी एकदा खाऊन पाहा.