अश्वशक्तीआधी वजन बघा
गाडीची अश्वशक्ती वाढली की ती चालवायची मजा वाढते, असं म्हटलं जातं. मला हे अजिबात पटत नाही. 1989 सालची माझ्दा मियाटा ही छोटी, दोन आसनांची स्पोर्ट्स कार घ्या: 1.6 लिटरचं इंजिन, सुमारे 115 अश्वशक्ती, वजन टनाच्या आत. स्टीअरिंग फिरवताच नाक वळतं, कारण वळवायला वस्तुमानच कमी! जड गाडीला मोठे ब्रेक, रुंद टायर, कडक सस्पेन्शन लागतं आणि त्यानं वजन आणखी चढतं. इलेक्ट्रिक गाड्यांचा जोर सरळ रस्त्यावर झकास वाटतो (बॅटरी तळाशी असल्यानं गुरुत्वमध्य खाली राहतो, हेही मान्य), पण बॅटरीचे ते शेकडो किलो वळणावर आणि ब्रेक लावताना जाणवतातच. कंपन्यांनी आता किलो घटवण्याची स्पर्धा लावावी, असं मनापासून वाटतं.