आत्याची नोंद नागपुरात शोधा

भाऊ, तुमची आत्या 23 नोव्हेंबर 1994 ला नागपुरात गोवारी समाजाच्या मोर्चातल्या चेंगराचेंगरीत वारली आणि ग्रामपंचायतीच्या दप्तरात तिच्या मृत्यूची नोंदच नाही, असं तुम्ही लिहिलंय. ती तिथे नसणारच. 1969 च्या जन्म-मृत्यू नोंदणी कायद्याप्रमाणे मृत्यू जिथे झाला तिथेच नोंदवतात. म्हणून गावाऐवजी नागपूर महानगरपालिकेच्या जन्म-मृत्यू विभागात अर्ज करा. तारीख नक्की माहीत आहे, ही मोठी सोय आहे. पण दवाखान्यात काही दिवसांनी जीव गेला असेल तर पुढच्या तारखाही बघायला सांगा.

नाव शोधताना फार सांभाळा. त्या दिवशी 114 माणसं गेली, त्यात बायका आणि लेकरंच जास्त. इतक्या गोंधळात घाईनं लिहिलेली नावं जशीच्या तशी बरोबर असतील असं धरू नका. आत्याचं माहेरचं नाव, सासरचं नाव, घरी हाक मारायचे ते नाव, आणि दोन्हीकडची गावं, सगळं घेऊन जा. नुसत्या आडनावावर कोणालाही आपलं मानू नका. ते दुसऱ्या घरचंही दुःख असू शकतं.

आत्याच्या आधीच्या पिढ्यांसाठी जुनं कोतवाल बुक (गावातल्या जन्म-मृत्यूची जुनी नोंदवही) आणि शाळेचा दाखल-खारीज रजिस्टर (मुलं शाळेत आल्या-गेल्याची नोंदवही) पाहा. जातीची नोंद जशी असेल तशीच उतरवा, दुरुस्त करू नका. मोर्चाची मागणीच अनुसूचित जमातीच्या सवलतींची होती.

आणि 23 नोव्हेंबरला झिरो माइलजवळच्या गोवारी शहीद स्मारकावर जा. गावोगावचे लोक येतात. आत्याच्या गावाकडचं म्हातारं माणूस भेटलं, तर आधी त्यांचं ऐकून घ्या, कागद नंतर काढा.