लघुशोधप्रबंधाचे साम्य १९ टक्के आले आहे. नेमके काय दुरुस्त करावे?

केळापूरची विद्यार्थिनी
सर्वांना नमस्कार. मी समाजशास्त्रात एम. ए.च्या शेवटच्या सत्राला असून, कापूस वेचणाऱ्या मजूर स्त्रियांच्या मजुरीवर लघुशोधप्रबंध लिहीत आहे. महाविद्यालयात सॉफ्टवेअरने केलेल्या तपासणीत पहिल्या मसुद्याचे इतरांच्या लेखनाशी साम्य १९ टक्के निघाले. मी जिथे टायपिंग करून घेते तेथील दादा म्हणतात की शब्द थोडे बदलले की आकडा आपोआप खाली येतो, आणि ‘संशोधन साहित्याचा आढावा’ हे प्रकरण तर त्यांच्याकडे तयारच आहे. ते प्रकरण मी घेणार नाही. परंतु माझ्या आढाव्यातील बराच मजकूर मी इंग्रजी लेखांवरून स्वतः मराठीत उतरवला असून, सॉफ्टवेअरच्या अहवालात त्यातील एकही ओळ जुळणारी म्हणून रंगलेली नाही. तो माझाच धरावा का?

कोरडवाहू
विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१८च्या विनियमांनुसार १० टक्क्यांपर्यंतच्या साम्याला दंड नाही. १० ते ४० टक्के असल्यास ठरवून दिलेल्या मुदतीत, जास्तीत जास्त सहा महिन्यांत, सुधारित प्रत द्यावी लागते. ४० ते ६० टक्के असल्यास एक वर्ष सुधारित प्रत देता येत नाही आणि ६० टक्क्यांच्या पुढे नोंदणीच रद्द होते. आपण १९वर आहात, नऊ टक्के कमी करा आणि निश्चिंत व्हा.

समाजशास्त्राचा एक मार्गदर्शक
वरील टप्पे बरोबर आहेत, सल्ला मात्र अपुरा आहे. सॉफ्टवेअर फक्त जुळणारे शब्द दाखवते. ते चौर्य आहे की रीतसर अवतरण, हे माणसालाच ठरवावे लागते. श्रेय देऊन घेतलेली अवतरणे, संदर्भसूची, अनुक्रमणिका, ऋणनिर्देश आणि कायद्यांचा मजकूर हे सारे विनियमांनी मोजणीतून वगळले आहे. म्हणून आधी अहवाल उघडून रंगलेली प्रत्येक ओळ पाहावी. १९पैकी काही टक्के संदर्भसूचीचेच असतील, तर तेथे दुरुस्त करण्यासारखे काहीच नाही. उलट, काट्यावर वजन बरोबर भरले म्हणजे कापूस आपल्याच वावरातला आहे असे ठरत नाही.

ताई, अनुवादाविषयी स्पष्ट सांगतो. इंग्रजी लेखातील युक्तिवाद, त्यांची मांडणी आणि उदाहरणे मराठीत आणून लेखकाचे नाव गाळले, तर ते वाङ्मयचौर्यच होय, मग अहवाल शून्य टक्के दाखवो. तोंडी परीक्षेत परीक्षकाने ‘हा निष्कर्ष कशावरून काढला?’ असे विचारले की हे पाच मिनिटांत उघडे पडते.

शब्द बदलण्याचा प्रकार कसा फसतो ते पाहा. समजा, मूळ वाक्य असे आहे : ‘कोरडवाहू कापसात पावसाचा खंड पडला की उत्पादन घटते आणि वेचणीची मजुरी बुडते.’ त्याचे ‘जिरायती कपाशीत पर्जन्याने ओढ दिली की उत्पन्न कमी होते आणि वेचाईचे पैसे जातात’ असे केले, तर विचारही तोच, क्रमही तोच. फक्त कपडे बदलले. त्याऐवजी असे लिहावे : ‘पावसाचा खंड आणि वेचणीची मजुरी यांचा संबंध अमुक लेखकाने (वर्ष, पृष्ठ) दाखवला आहे, मी ज्या मजूर स्त्रियांशी बोलले त्यांची मजुरी किलोवर ठरत असल्याने, बोंड कमी असलेल्या वावरात दिवसभर राबूनही त्यांच्या हाती कमी पैसे येतात.’ येथे दुसऱ्याचे कुठे संपते आणि आपले कुठे सुरू होते, हे वाचकाला दिसते. खरे तर प्रबंधाचा प्राण या दुसऱ्या भागातच आहे, आणि तो कोणत्याही टायपिंग सेंटरवर तयार मिळत नाही.

निवृत्त ग्रंथपाल, दारव्हा
घोळ बहुधा टिपणे काढतानाच होतो. वहीत उतारा लिहून घेतला, अवतरणचिन्ह घातले नाही, पृष्ठक्रमांक टाकला नाही. दोन महिन्यांनी तोच उतारा विद्यार्थ्याला स्वतःचा वाटू लागतो. म्हणून शब्दशः उतारा एका शाईने, त्यावरचे आपले म्हणणे दुसऱ्या शाईने लिहावे आणि ग्रंथाचे नाव, वर्ष, पृष्ठ त्याच क्षणी नोंदवावे.

महात्मा फुल्यांचे एखादे वचन दुसऱ्याच्या प्रबंधात वाचून थेट फुल्यांचा संदर्भ देणे, हीही अप्रामाणिक सवय आहे. मूळ ग्रंथ पाहावा. तो मिळत नसेल तर ज्याच्या लेखनातून घेतले त्याचेही नाव लिहावे. ‘शोधगंगा’वर देशभरातील प्रबंध विनामूल्य वाचता येतात, ते संदर्भ शोधण्यासाठी वापरावेत. जुने मराठी प्रबंध युनिकोडपूर्व फाँटमध्ये किंवा नुसत्या छायाप्रतींच्या रूपात असले, की सॉफ्टवेअरला ते नीट वाचता येत नाहीत. या फटीचा फायदा घेणारे आहेत, पण त्या विषयाच्या परीक्षकाने तो प्रबंध वाचलेला असू शकतो.

केळापूरची विद्यार्थिनी
सर, आभारी आहे. आणखी एक शंका आहे. वेचणीच्या सुरुवातीला वावरात सीतादही ही पूजा करतात, त्याचे वर्णन मी केले आहे. तसेच काही बायांनी सांगितलेली गाणीही घेतली आहेत. यांना संदर्भ कसा द्यावा?

समाजशास्त्राचा एक मार्गदर्शक
सीतादही करतात ही गोष्ट आपल्याकडे गावोगाव ठाऊक आहे, त्या एका वाक्याला संदर्भ लागत नाही. तिचा अर्थ एखाद्या अभ्यासकाने लावला असेल आणि तो आपण घेतला असेल, तर मात्र त्याचे नाव द्यावे. गाण्यांचे तसे नाही. ज्या बाईने गाणे सांगितले तिची परवानगी घेऊन तिचे नाव, गाव आणि मुलाखतीची तारीख तळटीपेत द्यावी. मजुरीबद्दलची तिची विधाने वेगळी ठेवून तेथे सांकेतिक नाव वापरणे बरे, कारण ज्याच्या वावरात ती वेचायला जाते त्याच्यापर्यंतही हा प्रबंध पोहोचू शकतो. तिने गाण्यालाही नाव नको म्हटले, तर ‘एक वेचणारी स्त्री’ असे लिहून गाव आणि तारीख ठेवावी. गाव लहान असून त्यावरूनही ओळख पटणार असेल, तर केवळ तालुका लिहावा.