रिझर्व्हेशन म्हणजे आरक्षण नव्हे, मग काय?

रेघोटी: पहिल्या महायुद्धानंतरच्या व्हर्सायच्या तहावरचा मजकूर मराठीत आणते आहे. एक वाक्य अडलंय : 'सिनेटने १४ आरक्षणांसह तहाला अनुसमर्थन नाकारले.' वाचणाऱ्याला नोकरीतलं आरक्षणच आठवणार. अमेरिकेचे सिनेटर हेन्री कॅबट लॉज यांच्या या रिझर्व्हेशन्सना काय म्हणावं? हरकती?

पिंपळपान: हरकती नको. हरकत घेणाऱ्याला ती गोष्टच नको असते. लॉज यांनी या रिझर्व्हेशन्ससह तहाच्या बाजूने मत दिलं होतं. तहातलं दहावं कलम बघा. राष्ट्रसंघाच्या (लीग ऑफ नेशन्स) सदस्यावर बाहेरून आक्रमण झालं, तर त्याची भूमी राखणं सगळ्यांवर बंधनकारक होतं. लॉज यांचं म्हणणं, काँग्रेसने, म्हणजे अमेरिकेच्या संसदेने, त्या त्या वेळी ठरवल्याशिवाय अमेरिकेवर हे बंधन नाही. हा हक्क राखून ठेवणं झालं. कोर्ट निकाल राखून ठेवतं ना, तसं. 'राखीव शर्ती' म्हणा. आणि आकडाही तपासा : नोव्हेंबर १९१९ला १४ होत्या, मार्च १९२०ला आयर्लंडची भर पडून १५ झाल्या.

शुद्धमती: 'शर्त' अरबी आहे. 'राखीव अटी' म्हणा, अर्थ तसूभरही ढळत नाही. रॅटिफिकेशनला 'अनुसमर्थन' मात्र नेमकं आहे, ते बदलू नका.

दक्षिणवारा: तेच बदलायला हवं, कारण सिनेट रॅटिफाय करतच नाही. अमेरिकेच्या राज्यघटनेच्या दुसऱ्या अनुच्छेदात सिनेटकडे फक्त 'सल्ला आणि संमती' आहे, तीही हजर सदस्यांच्या दोन तृतीयांश मतांनी. क्रम असा : राष्ट्राध्यक्षाचा माणूस सही करतो, तह सिनेटच्या परराष्ट्र समितीकडे जातो, मग सभागृहात मतदान, संमती मिळाली तर कागद परत राष्ट्राध्यक्षाकडे. तो सही करतो, परराष्ट्र खातं महामुद्रा उठवतं, मग दस्तऐवजांची अदलाबदल. रॅटिफिकेशन ते. १९ मार्च १९२०ला ४९ विरुद्ध ३५ मतं पडली. ८४ हजर, हवी होती ५६. बहुमत असून ७ मतांनी तह अडला. म्हणून 'संमती मिळाली नाही' लिहा.

समोरासमोरच्या सल्ल्याचं तर १७८९च्या ऑगस्टमध्येच संपलं. पहिले राष्ट्राध्यक्ष वॉशिंग्टन स्वतः सिनेटमध्ये गेले, सदस्यांनी विषय समितीकडे सोपवायचं म्हटलं, ते चिडले. पुढे सल्ला लेखी मागवू लागले.

पिंपळपान: मग राष्ट्राध्यक्षाच्या कृतीला 'शिक्कामोर्तब' का नको? मराठेशाहीच्या पत्रांत शिक्का माथ्यावर, मोर्तब शेवटी. इथेही मुद्रा खरोखर उठते. वर्तमानपत्रं 'सिनेटचे शिक्कामोर्तब' लिहितात, तिथे शब्द चांगला असून माणूस चुकतो.

शुद्धमती: 'मोर्तब'ही अरबी 'मुरत्तब'वरूनच. आणि 'शिक्कामोर्तब झाले' म्हणजे आता बोलभाषेत 'पक्कं झालं' एवढंच. कायद्याच्या मजकुरात असा सैल शब्द चालणार नाही.

पिंपळपान: बोलण्यात सैल झाला म्हणून मूळ अर्थ मेला का? आणि 'अनुसमर्थन' वाचून किती जणांना सही डोळ्यांसमोर येते?

दक्षिणवारा: तह आणि करार यांतही घोळ होतो. १९४०ला राष्ट्राध्यक्ष रूझवेल्टनी ब्रिटनला ५० विनाशिका देऊन ९९ वर्षांच्या पट्ट्यावर तळ घेतले, सिनेटला विचारलंच नाही. तो करार, तह नव्हे. २००८चा भारताशी अणुकरार तिसऱ्याच वाटेने गेला : दोन्ही सभागृहांत साध्या बहुमताचं विधेयक, सिनेटमध्ये ८६ विरुद्ध १३. आपल्या वर्तमानपत्रांनी 'अणुकरार' लिहिलं, ते चपखल आहे. 'तह' दोन तृतीयांशवाल्यांसाठीच राखून ठेवा.

शुद्धमती: मग १९९९ला सिनेटने ४८ विरुद्ध ५१ने नाकारलेली ती सर्वंकष अणुचाचणीबंदी? तिला 'तह' कोण म्हणतं? सगळे करारच म्हणतात. तह युद्धानंतर होतो, पुरंदरचा, सालबाईचा.

दक्षिणवारा: वापरात तसं आहे, मान्य. पण दोघांना एकच शब्द वापरला, तर राष्ट्राध्यक्ष सिनेटला वळसा घालून कधी गेला, हे वाचकाला कळणारच नाही.

रेघोटी: 'संमती' घेतली, आकडाही दुरुस्त केला. राखीव अटी की राखीव शर्ती, ते अजून अडलेलंच आहे.

पिंपळपान: शर्ती. 'अटी व शर्ती' एका दमात म्हणणाऱ्यांना अरबीचं वावडं कधीपासून?